इंदूरला शेवटी या

नाशिकच्या एका ताईंनी सविस्तर विचारलंय, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. त्यांना डिसेंबरात स्वतःच्या गाडीनं पाच दिवसांत माळवा बघायचाय. गाडीत ते दोघं नवरा-बायको, ७४ वर्षांच्या सासूबाई (एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं), किल्ल्यांचं वेड असलेला १३ वर्षांचा मुलगा आणि ९ वर्षांची मुलगी. बेत असा: शनिवारी पहाटे निघून रात्रीपर्यंत इंदूर, तिथंच हॉटेल धरून रोज एक दिशा. रविवारी उज्जैन-देवास, सोमवारी इंदुरातला लालबाग, संग्रहालय आणि राजवाडा, मंगळवारी मांडू आणि महेश्वर एकाच दिवसात, बुधवारी परत. यादीत १७ ठिकाणं आहेत, आणि खाली प्रश्न: एक दिवस वाढवला तर ग्वाल्हेर बसेल का?

ताई, ग्वाल्हेरचं आधी मिटवून टाकू. नाही बसत. इंदूरहून ते पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. एक दिवस जाण्यात, एक येण्यात, आणि तिथं पोचल्यावर किल्ला, पायथ्याचा गुजरी महाल, शिंद्यांचा जयविलास, झाशीच्या राणीची समाधी, तानसेनची कबर. एवढं सगळं उरलेल्या चार तासांत उरकायचं म्हटलं तर न गेलेलं बरं. पुढच्या वर्षी रेल्वेनं जा आणि तीन दिवस तिथंच राहा.

आता तुमच्या बेताबद्दल. मी इंदूरचा, रामबागेतला. पंचवीसेक वर्षं महाराष्ट्रातून येणाऱ्या मंडळींना माळवा-निमाडात फिरवतोय. आधी टेम्पो ट्रॅव्हलर होती, आता बहुतेक वेळा लोकांच्याच गाडीत पुढच्या सीटवर बसतो. माझ्याच गावाबद्दल मी सगळ्यांना एकच सांगत आलोय: इंदूरला शेवटी या.

नकाशा उघडून बघा. नाशिकहून येताना शिरपूरजवळ तापी लागते. मग बिजासनचा घाट म्हणजे सातपुडा, मग निमाडचं सखल, उष्ण रान, खलघाटला नर्मदा, आणि नर्मदा ओलांडली की समोर विंध्याची भिंत. ती चढली की माळवा. महेश्वर नर्मदेच्या काठावर आहे, मांडू विंध्याच्या ऐन कडेवर, आणि इंदूर वर पठारावर. म्हणजे तुमच्या बेतात तुम्ही धामणोदला महेश्वरच्या फाट्यावरून सरळ पुढं जाणार, घाट चढणार, आणि तीन दिवसांनी तोच घाट उतरून पुन्हा त्याच फाट्यावर येणार. मग त्याच रात्री परत वर! इंदूर ते महेश्वर नव्वदेक किलोमीटर, इंदूर ते मांडू शंभराच्या आत-बाहेर. हे आकडे कागदावर छोटे दिसतात. पण दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला गाडीत बसून राहणं हेच सगळ्यात जड जातं, चालणं नव्हे. माझ्यासोबत आलेल्या आजी-आजोबांनी पायऱ्यांची तक्रार क्वचित केली, "आता किती राहिलं?" हे मात्र दर अर्ध्या तासाला विचारलं.

इतिहासाचा क्रमही हाच आहे. मराठी फौजा दक्षिणेतून वर आल्या त्या अशाच, आधी नर्मदा आणि मग घाट. २९ नोव्हेंबर १७२८ ला धारपलीकडं अमझेऱ्याला चिमाजीअप्पांनी मोगलांचा सुभेदार गिरधर बहादुर याला लढाईत मारलं आणि माळव्याचं दार उघडलं. होळकरांची गादी अहिल्याबाईंच्या काळात महेश्वरला होती. इंदूर राजधानी झालं ते १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर, इंग्रजांपुढं हार खाल्ल्यावर. महेश्वर बघून इंदूरला आलं की राजवाड्यासमोर उभं राहिल्यावर मुलांना निदान एवढं कळतं की हे कुणाचं आणि कशानंतरचं. उलट आलं तर राजवाडा म्हणजे बाजारातली एक मोठी कमान, फोटो काढून पुढं.

वारही बदला. सोमवारी इथलं केंद्रीय संग्रहालय बंद असतं, लालबागही बंद असतो. हे मला धंद्याच्या पहिल्याच वर्षी कळलं, साताऱ्याकडची २२ माणसं लालबागच्या फाटकाबाहेर उभी करून. फाटक बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर इंग्लंडात ओतवून मुंबईमार्गे आणलेलं आहे, त्यामुळं मी अर्धा तास नुसत्या फाटकावर भाषण दिलं. मंडळी समजूतदार होती. पण एका काकांनी जाताना विचारलंच, "आत काय याहून चांगलं आहे का?" तर, गुरुवारी निघा. गुरुवारी महेश्वर, शुक्रवारी दुपारनंतर मांडू, शनिवारी संध्याकाळी इंदूर, रविवारी सकाळी उज्जैन आणि दुपारनंतर इंदूर, सोमवारी परत. सोमवार रस्त्यावर गेला की कुणाचंच दार बंद मिळत नाही.

पहाटे पाचला नाशिक सोडलंत तर जेवणाच्या वेळेला महेश्वर. वाटेत दोन जागा आहेत ज्यांच्याकडं कुणी बघत नाही. एक थाळनेर, शिरपूर तालुक्यात तापीकाठी, रस्ता सोडून थोडं आत. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही जुनी राजधानी. मंदसोरच्या तहानं किल्ला इंग्रजांकडं जायचा होता, पण फेब्रुवारी १८१८ मध्ये तिथं चकमक उडाली, शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला इंग्रजांनी फाशी दिलं. आज पडके बुरूज आहेत, नदी आहे आणि फारुक्यांचे मकबरे आहेत. दुसरा सेंधव्याचा किल्ला, रस्त्यालगतच. तोही याच तहात होळकरांच्या हातून गेला. मुलाला थाळनेर आवडेल, पण सासूबाईंना पहिल्याच दिवशी आडवाटेनं घेऊन जाऊ नका. येताना सेंधव्याला चहापुरतं थांबा आणि थाळनेर मुलाला घरी पुस्तकातून वाचायला सांगा. यादीतलं एक खोडलं.

महेश्वरला मी दोन अर्धे दिवस देतो, एक संध्याकाळ आणि एक सकाळ. तुम्ही मांडूच्या जोडीला त्याला दोन तास दिले होतेत. दोन तासांत महेश्वर म्हणजे घाटावर फोटो, होडीची एक फेरी आणि साडीच्या दुकानात भांडण.

पोचलात की जेवा, झोपा, आणि चारनंतर घाटावर उतरा. किल्ल्यातून घाटाकडं जाणाऱ्या पायऱ्या उंच आहेत. सासूबाईंना तिथून नेऊ नका. गावातून खालच्या बाजूनं घाटाशी जाता येतं, तिथल्या रिक्षावाल्याला "घाटावर, पायऱ्या नकोत" एवढंच सांगा. बाकीच्यांनी वरून यावं, कारण वरून उतरताना मधल्या चौकात समोरासमोर दोन इमारती लागतात: एक अहिल्येश्वराचं देऊळ, दुसरी विठोजी होळकरांची छत्री. विठोजींना १८०१ मध्ये पुण्यात, दुसऱ्या बाजीरावाच्या हुकमानं, हत्तीच्या पायी दिलं. आता छत्रीच्या पायथ्याशी बघा, हत्तींची रांग कोरलेली आहे. मी हे मोठ्यानं सांगत नाही. मुलांना हत्ती मोजायला सांगतो आणि मोजून झाल्यावर विठोजींचं काय झालं ते सांगतो. एकदा एका मुलीनं ऐकून घेतलं आणि सगळ्या हत्तींवरून हळूच हात फिरवला. मी पुढं काही बोललो नाही.

त्या खुनानंतर काय झालं तेही मुलाला सांगा: विठोजींचे भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून गेले आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला त्यांनी पेशवे-शिंद्यांची फौज मोडली. मधल्या काळात शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यानं इंदूर जाळलं. राजवाड्याला लागलेली ती पहिली आग. हे लक्षात ठेवायला सांगा, रविवारी उपयोगी पडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यातला अहिल्याबाईंचा वाडा. राजवाडा म्हणतात त्याला, पण तुमच्या-आमच्या डोळ्याला तो वाडाच दिसेल. लाकडी खांब, चौक, ओसरी, पांढरी गादी. पालखी आहे, शस्त्रं आहेत, देवघरात सोन्याचा झुला आहे. ज्या बाईनं काशी-सोमनाथपासून देशभर देवळं-घाट बांधले तिचं स्वतःचं घर एवढं साधं बघून सासूबाईंच्या वयाच्या बायका हमखास डोळ्याला पदर लावतात. चौंडीला ३१ मे १७२५ ला जन्म, १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात नवरा गेला, १७६६ मध्ये सासरे गेले, १७६७ मध्ये एकुलता मुलगा मालेराव. त्यानंतर १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत, अठ्ठावीस वर्षं, कारभार या वाड्यातून. सनावळी मुलांना पाठ करायला लावू नका. फक्त विचारा, मुलगा गेला त्या साली तिनं काय केलं असेल?

त्याच आवारात सकाळी ब्राह्मण मातीची छोटी छोटी शिवलिंगं लाकडी पाटांवर हातानं वळत बसलेले असतात, रोज हजारो, आणि पूजा झाली की सगळी नर्मदेत. लिंगार्चन म्हणतात. बाईंच्या वेळची ही रीत अजून चालू आहे. उशिरा गेलात तर नुसते रिकामे पाट दिसतील, म्हणून नाष्ट्याआधी जा.

आता साडी. खरेदी करा किंवा नका करू, पण माग बघितल्याशिवाय निघू नका. किल्ल्यातच रेवा सोसायटीचं विणकाम चालतं, ही संस्था होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकरांनी १९७९ मध्ये सुरू केली. गंमत काठांत आहे. लहर, चटई, इंट, हिरा, रुईफूल अशी काठांची नावं, आणि त्यातल्या कितीतरी नक्षी किल्ल्याच्या भिंतींवर, देवळांच्या दगडांत सापडतात. ९ वर्षांच्या मुलीला हे काम द्या: मागावर काठ बघायचा आणि बाहेर येऊन तो भिंतीत शोधायचा. इंट म्हणजे वीट, ती सगळ्यात आधी सापडते. संग्रहालयातल्या काचेमागच्या वस्तूंशी मुलांचं जुळत नाही असं आईबाप म्हणतात. काचेमागं गेलेली वस्तू जुळणार कशी? आधी ती बाहेर जगताना दाखवावी लागते.

दुपारी जेवून निघा आणि धामणोदवरून गुजरीला येऊन धारच्या रस्त्यानं घाट चढा. उजेडात चढायचा, ही अट. डिसेंबरात सूर्य लवकर मावळतो आणि मांडूच्या शेवटच्या टप्प्यात दरीच्या कडेनं वळणं आहेत. एकदा अंधारात, धुक्यात मी हा रस्ता केला आहे, गाडीच्या पुढं एक पोरगा टॉर्च घेऊन चालत होता. तेव्हापासून साडेतीनची वेळ ठरलेली.

मांडूत मुक्काम करा. इंदूरची मंडळी मांडू "डे ट्रिप" करतात, अकराला येतात, पाचला जातात. म्हणून अकराच्या आधी आणि पाचच्या नंतर मांडू तुमचं. शुक्रवारी पोचल्यावर थेट रूपमती मंडप, सूर्यास्ताला. चढ आहे, सासूबाईंना खाली रेवाकुंडाजवळ बसवा. तिथून माळव्याचा सुलतान बाजबहाद्दर याचा महाल जवळ दिसतो आणि चहा मिळतो. वरून हवा स्वच्छ असेल तर तळाशी निमाडचं मैदान आणि त्यात नर्मदेची रेघ. दुपारीच जिच्या काठावर होतात ती नदी आता पायाखाली कुठंतरी खोल. दक्षिणेतून येण्याचं खरं बक्षीस हेच. इंदूरकडून येणाऱ्याला ती नुसती एक रेघ दिसते, तीही गाईडनं बोट दाखवल्यावर.

गाईडवरून आठवलं. मांडूत गाईड घ्या, पण निवडून. ओळखपत्र बघा, पैसे आधी ठरवा, आणि मग एक प्रश्न विचारा: "या डोंगरावर पाणी कुठून यायचं?" जो लगेच तलाव, बावड्या, पन्हळी सांगायला लागेल त्याला घ्या. जो रूपमती-बाजबहाद्दरच्या प्रेमकहाणीपासून सुरुवात करेल त्याला नमस्कार करा. कहाणी खोटी आहे असं नाही. १५६१ मध्ये अकबराचा सरदार अधमखान चालून आला, बाजबहाद्दर पळाला आणि रूपमतीनं विष घेतलं असं सांगतात. पण मांडूचं आश्चर्य पाणी आहे. उंच पठारावर पावसाचा थेंब अन् थेंब अडवून शहर उभं केलं. जहाज महालाच्या गच्चीवर वेटोळ्या घेणारी दगडी पन्हळ आहे, पाण्याचा वेग कमी व्हावा आणि गाळ बसावा म्हणून. मुलांना ती बोटानं गिरवू द्या. शंभर मीटरहून लांब ही इमारत कपूर तलाव आणि मुंज तलाव यांच्या मधोमध उभी आहे. डिसेंबरात तलावांत पाणी असतं, त्यामुळं नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शनिवारी सकाळी दार उघडताच जहाज महालाचं आवार गाठा. तिथं सपाटी आहे, सासूबाईंना फिरता येईल. शेजारी हिंदोळा महाल, त्याच्या भिंती बाहेरून तिरक्या, मुलाला ते का ते विचार करू द्या. नंतर गावाच्या चौकातली जामी मशीद आणि तिच्या मागं माळव्याचा सुलतान होशंगशाह याचा संगमरवरी मकबरा. मशिदीला बऱ्याच पायऱ्या आहेत. सासूबाईंनी चौकात गोरखचिंचेची फळं बघत बसावं. लोक त्याला "मांडू की इमली" म्हणतात, झाडाचं खोड इतकं फुगलेलं की पहिल्यांदा बघणारा हसतोच.

मकबऱ्यात प्रत्येक गाईड सांगतो की ताजमहाल याची नक्कल आहे आणि पुरावा म्हणून दारावरचा लेख दाखवतो. लेख खरा आहे. शाहजहानचे वास्तुकार, त्यांत उस्ताद हमीद, इथं येऊन गेले असं त्यात आहे. पण साल वाचा: १६५९. तोवर ताज बांधून उभा होता आणि शाहजहान आग्र्याच्या किल्ल्यात कैद. म्हणजे ते नकाशा घ्यायला आले नव्हते. काम संपलेली माणसं एका जुन्या कामाला सलाम करायला आली होती. मला ही गोष्ट नकलेच्या गोष्टीपेक्षा कितीतरी चांगली वाटते, पण गाईडांना ती पटवण्यात मला पंचवीस वर्षांत यश आलेलं नाही.

तिकिटं किरकोळ आहेत, मात्र मांडूत राजमहालाचा गट, गावातला गट आणि रेवाकुंडाचा गट अशी वेगवेगळी काढावी लागतात, म्हणून आधीची फेकू नका. १५ वर्षांखालची मुलं पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये फुकट. ड्रोन आणला असेल तर डिकीतच राहू दे, परवानगीशिवाय चालत नाही. जेवायला दाल-पानिये मागा: मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या रुईच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजतात. भिल्लांच्या घरचं जेवण, हॉटेलातल्या पनीरपेक्षा शंभर पट बरं.

मांडूहून इंदूरला येताना वाटेत धार. तासभर पुरे. लाट मशिदीच्या बाहेर परमार राजांच्या काळातल्या लोखंडी स्तंभाचे तुकडे ठेवलेत. दिल्लीचा लोहस्तंभ सगळ्यांना माहीत असतो, हा त्याहून मोठा होता आणि मोडून पडला. मग किल्ला. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म याच किल्ल्यात झाला, १० जानेवारी १७७५ ला. राघोबा पळापळीत होते आणि आनंदीबाईंना पवारांनी इथं आसरा दिला होता. ज्याच्या हुकमानं विठोजी हत्तीपायी गेले तो इथं जन्मला. परवा हत्ती मोजलेली मुलं हे ऐकून गप्प होतात. बाघची लेणी मात्र यादीतून काढा. सुंदर आहेत, पण धारहून पुढं शंभरेक किलोमीटर आत. त्या भित्तिचित्रांच्या नंदलाल बोस आणि मंडळींनी केलेल्या नकला ग्वाल्हेरच्या गुजरी महालात आहेत, त्या पुढच्या वर्षी बघाल.

आता आमचं गाव. पाट्यांवर "इंदौर" वाचाल, आम्ही मराठी माणसं "इंदूर"च म्हणतो. शनिवारी रात्री पोचाल. सराफ्यात जा, सोन्याची दुकानं बंद झाली की तिथं खाण्याची दुकानं लागतात. डिसेंबर असल्यानं गराडू हा कंद मिळेल, तळलेला, वर लिंबू-मसाला. भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी. सासूबाईंना त्या गर्दीत नेऊ नका, बांधून आणा.

रविवारी प्रश्न आहे महाकालचा. तुम्ही लिहिलंय की सासूबाईंना ते हवंच. मग हवंच. पहाटे साडेचारला निघा, ५५ किलोमीटर आहे, दर्शन करा. भस्म आरतीचं ठरवलं असेल तर आगाऊ नोंदणी लागते आणि मग शनिवारचा सराफा सोडावा लागेल, दोन्ही होत नाही. देवळाबाहेर पडलात की गर्दीतून सुटून जयसिंगाच्या वेधशाळेत या. सपाट, शांत, उन्हात बसायला जागा. दगडी यंत्रांवर सावली सरकताना मुलांना डोळ्यांनी दिसते, ते कुठल्याही मोबाइलपेक्षा भारी. आणि सासूबाईंना सांगा की मोडलेलं महाकालाचं देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी. नाताळ ते एक जानेवारी या आठवड्यात मात्र उज्जैनला जाऊच नका; आणि २०२८ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, रस्त्याला वेळ जास्त धरा. देवास खोडा. एका गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती, ही मजा सांगायला गाडीतली पंधरा मिनिटं पुरतात.

एकपर्यंत इंदुरात परत. जेवून संग्रहालय. इथं हिंगलाजगढच्या मूर्ती आहेत, मंदसोर जिल्ह्यातल्या, बहुतेक परमारांच्या काळातल्या. पूर्ण संग्रहालय बघायचा हट्ट नको. दारात प्रत्येकाला सांगा: तीन वस्तू निवड आणि बाहेर येऊन त्या का ते सांग. पाऊण तासात घरचे सगळे मूर्तींकडं खरोखर बघतात. एरवी पाट्या वाचत दोन तास फिरतात आणि बाहेर आल्यावर एकही आठवत नाही. पाट्या शेवटी वाचाव्यात.

मग लालबाग की राजवाडा? वेळ एकालाच आहे. लालबाग १८८६ ते १९२१ असा तीन पिढ्यांत बांधला गेला, आत युरोपी थाट. मुलांना तिथलं स्वयंपाकघर आवडतं: ते खान नदीच्या पलीकडच्या काठावर, आणि जेवण भुयारातून महालात यायचं. पण मी राजवाडा निवडीन. सात मजले, खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे. १८०१ ची आग मुलाला आठवत असेल. त्यानंतर १९०८ ला जळाला, आणि १९८४ ला, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या दंगलीत. तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या गच्चीवरून धूर दिसत होता आणि आजोबा खुर्ची घेऊन त्या दिशेला पाठ करून बसले होते. आज दिसतं त्यातलं बरंच नव्यानं बांधलेलं आहे, हे मुलांपासून लपवू नका. कुठला दगड जुना, कुठलं लाकूड नवं, हे शोधायला सांगा. तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, संध्याकाळच्या उजेडात. येता-जाता मोहल्ल्यांची नावं वाचा: मल्हारगंज, तुकोगंज. आमच्याकडं घराण्याची वंशावळ पोस्टमनला पाठ असते.

सोमवारी परत. सरळ रस्त्यानं गेलात तर घाटाच्या उतारावर ट्रकांच्या पुढं-मागं राहू नका, गणपती घाटात ब्रेक निकामी होण्याचे अपघात खूप झालेत. पण तुमची तयारी असेल तर मी वेगळी वाट सांगेन: इंदूर, बडवाह, सनावद, बेडिया, रावेरखेडी, मग खरगोन आणि जुलवानियाला परत महामार्ग. साठ-सत्तर किलोमीटर आणि दोन-अडीच तास वाढतील. पहाटे पाचलाच निघावं लागेल, आणि ओंकारेश्वरचा फाटा लागला की मोह आवरावा लागेल.

रावेरखेडीला नर्मदेच्या दक्षिण काठी थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. १८ ऑगस्ट १७०० चा जन्म, २८ एप्रिल १७४० ला इथं, छावणीत, मृत्यू. चाळिशीही गाठली नव्हती. दगडी आवार, मधे चौथरा, पलीकडं नदी, आणि बहुतेक वेळा दुसरं कुणी नाही. फौजा इथूनच नदी उतरायच्या, म्हणून छावणी इथं होती. पाच दिवसांत तुम्ही जे जे पाहिलंत, होळकरांचं, पवारांचं, शिंद्यांचं, त्या सगळ्यांना वर नेणारा माणूस इथं खाली राहिला. मुलाला थोडा वेळ एकटं बसू द्या.

बेडिया म्हणजे मिरचीचा बाजार, हंगामात रस्त्याकडेची शेतं लाल दिसतात. काच वर करा, नाहीतर ठसका लागेल. आणि नाष्टा-पाणी सनावदलाच उरकून घ्या. समाधीपाशी काही मिळत नाही, आणि सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ तिथंच येईल.